नवा संगणक आणि सव्वा तासाची डीव्हीडी



संगणक खोलीत नवा संगणक आला, तेव्हा त्याच्याकडे पहिले काम सोपवले ते स्नेहसंमेलनाच्या डीव्हीडी तयार करण्याचे. आता कार्यक्रम मोबाइलवरच पाहिले जातात हे खरे. पण टीव्हीला जोडलेल्या डीव्हीडी प्लेअरवर नातवंडांचे नाटक पाहणारे आजी-आजोबा आपल्याकडे अजून बरेच आहेत. शिवाय दर वर्षीची एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवण्याची आपली जुनी पद्धत आहे. २००६ साली घेतलेला जुना संगणक एक डीव्हीडी सहा-सात मिनिटांत राइट करून देत असे. नव्याने पहिल्याच डिस्कला सव्वा तास घेतला.

लगेच सल्ले सुरू झाले. कोणी म्हणाले व्हायरस असेल, कोणी म्हणाले रॅम वाढवा, आणि एका पालकांनी तर संगणक परतच करा असे सुचवले. आम्ही मात्र वही-पेन घेऊन बसलो. दोष कुठे आहे हे हिशेबातून कळते, आणि तो हिशेब आठवीच्या मुलालाही जमण्यासारखा आहे.

डिस्कवर आणि रायटरवर ४ एक्स, ८ एक्स, १६ एक्स असे आकडे असतात. डीव्हीडीसाठी १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १३ लाख ८५ हजार बाइट. सीडीचा १ एक्स याहून फार लहान आहे, सेकंदाला सुमारे दीड लाख बाइट. गाण्याची सीडी ज्या वेगाने वाजते तोच हा वेग. म्हणून ८० मिनिटांची सीडी १ एक्स वेगाने राइट करायला ८० मिनिटेच लागतात. सीडीवरचा ५२ एक्स आणि डीव्हीडीवरचा ८ एक्स यांची थेट तुलना करू नये ती याचसाठी.

आमची फाइल ४४० कोटी बाइटची होती. १ एक्स वेगाने तिला ५३ मिनिटे लागायला हवीत. आम्हाला लागली ७५ मिनिटे, म्हणजे ४५०० सेकंद. भागाकार करून पाहा: सेकंदाला सुमारे ९ लाख ७८ हजार बाइट. हा वेग १ एक्सपेक्षाही कमी आहे! रायटर ८ एक्सचा, डिस्क १६ एक्सची. रायटर कितीही सावकाश चालला तरी इतका खाली येत नाही. म्हणजे लिहिणारा हात मंद नव्हता, त्याला मजकूरच वेळेवर पोहोचत नव्हता.

मजकूर कुठून येतो? नव्या संगणकांत बहुधा डीव्हीडी रायटर नसतोच. आपला रायटर बाहेरचा, पातळ, यूएसबी केबलने जोडायचा. आणि तो केबल कुठे लावला होता? संगणकाची तोंडे मागच्या बाजूला, हात पोहोचत नाही, म्हणून आम्हीच कपाटातून एक जुना चार तोंडांचा यूएसबी हब काढला होता. कीबोर्ड, माऊस, रायटर, सगळे त्याच्यावर. हब यूएसबी १.१ चा निघाला. त्याची मर्यादा सेकंदाला १ कोटी २० लाख बिट. आठाने भागले की १५ लाख बाइट, आणि निरोपांची देवाणघेवाण वजा जाता हातात उरतात साधारण १० लाख. आमच्या भागाकाराचे उत्तर जवळजवळ तेच होते. नवा संगणक, नवा रायटर, आणि मध्ये वीस वर्षांपूर्वीची अरुंद गल्ली.

रायटर थेट संगणकाच्या मागच्या तोंडाला लावला. तीच फाइल, तशीच डिस्क. दहा मिनिटांत काम झाले. जाता जाता सांगतो, सुरुवातीला पट्टी हळू सरकताना पाहून घाबरू नका. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. आतले वर्तुळ लहान, बाहेरचे मोठे. त्यामुळे त्याच फिरण्याच्या वेगात कडेला जास्त मजकूर बसतो. ८ एक्सचा पातळ रायटर आत साधारण सव्वातीन एक्सने सुरू होतो आणि कडेला जाऊन ८ गाठतो.

थेट जोडूनही वेग मिळाला नाही तर वीज तपासावी. यूएसबी २.० चे तोंड ५०० मिलिअँपिअर देते, ३.० चे ९००. बाहेरचा रायटर वीजही त्याच केबलमधून घेतो. ती अपुरी पडली की तो मध्येच थांबतो किंवा संगणकाला दिसेनासा होतो. काही रायटरांच्या केबलला दोन टोके असतात ती यासाठीच, एक टोक शोभेला नसते. सुट्या मिळणाऱ्या स्वस्त डिस्कचाही घोळ होतो. कोऱ्या डिस्कवर तिच्या उत्पादकाची खूण आधीच कोरलेली असते; ती वाचून रायटर कोणत्या वेगाने लिहायचे ते ठरवतो. खूण ओळखीची नसली की सावध होऊन कमी वेग धरतो. ते वाईट नाही.

विंडोजमध्ये कोरी डिस्क घातल्यावर एक प्रश्न येतो, तो मात्र नीट वाचा. डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? आपण घाईत पहिलाच पर्याय दाबतो. मग आधी फॉर्मॅट, नंतर एकेक फाइल सुटी लिहिणे, आणि एवढे करून ती डिस्क आजोबांच्या प्लेअरवर चालेलच याचा भरवसा नाही. लिहून झाल्यावर पडताळणी करण्याचा पर्याय चालू असेल तर वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. ती बंद करू नका. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी तर मुळीच नको.

जुन्या संगणकाचेही एकदा असेच झाले होते. एके दिवशी त्याचा रायटर अगदी रांगायला लागला आणि प्रोसेसर शंभर टक्के व्यग्र दिसू लागला. विंडोज एक्सपीची एक खोड होती: ड्राइव्हकडून मजकूर आणताना सहा चुका झाल्या की ते डीएमए ही जलद पद्धत सोडून पीआयओ या जुन्या पद्धतीवर उतरत असे, आणि मग प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतः भरवावा लागे. चुका थांबल्या तरी ते आपणहून वर चढत नसे. डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल काढून संगणक पुन्हा सुरू केला, आतली चपटी केबल बदलली, आणि काम झाले. तेव्हाही बरेच जण रायटर बदला असेच म्हणत होते.

आता ज्या गोष्टीसाठी हा पाठ लिहायला घेतला तिच्याकडे येतो. हब काढल्यावर आम्ही उत्साहाने कपाटातल्या जुन्या डिस्कच्या प्रती काढू लागलो. पाच-सहा झटपट झाल्या. २००४ सालची डिस्क मात्र अडली. पट्टी ऐंशीच्या पुढे जाईना, रायटर घरघर करी, थांबे, पुन्हा घरघर. ‘सर, परत यूएसबीचा घोळ,’ असे एक विद्यार्थी म्हणाला. पण त्याच जोडणीवर आधीच्या डिस्क नीट झाल्या होत्या. बदलली होती ती फक्त डिस्क. म्हणजे या वेळी उशीर लिहिण्यात नव्हता, वाचण्यात होता.

डिस्कवर आम्हीच हौसेने कागदी लेबल चिकटवले होते. ते एका बाजूला आकसले होते, डिस्क किंचित वाकली होती. रायटर एकच जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहत होता, म्हणून वेळ लागत होता. अशा वेळी चिडून दहा वेळा तीच डिस्क चालवणे म्हणजे आजारी माणसाला पळवणे. आम्ही ती बाहेर काढली. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली, गोल गोल नाही. कारण लिहिलेल्या रेषेच्या दिशेने ओरखडा पडला तर त्याची दुरुस्ती कठीण जाते. मग वाचण्याचा वेग कमी करून, लिनक्सवर चालणाऱ्या डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रामने प्रत घेतली. तो अडलेल्या जागी हटून बसत नाही. आधी चांगले ते सगळे उचलतो, नंतर वाईट जागांकडे सवडीने परततो, आणि काय राहिले याची नोंद ठेवतो. उरलेल्या जागा दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून पाहिल्या. त्यात आणखी थोडे हाती लागले.

कार्यक्रमाची शेवटची सहा मिनिटे मिळाली नाहीत. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते हे वर सांगितलेच; वाकलेल्या कडेला होता तो कार्यक्रमाचा शेवट. त्या वर्षी आपल्या मराठीच्या बाई निवृत्त झाल्या, आणि शेवटी त्या बोलल्या होत्या. बाई आज नाहीत. इंदूरात राहून आपली मुले मराठी नाटक शुद्ध बोलतात ते कोणामुळे, हे त्या वेळच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. त्यांच्या भाषणाची पहिली चार मिनिटे स्वच्छ आहेत, नंतर चित्र चौकोनांत फुटते आणि आवाज जातो.

मिळाले तेवढे आता हार्ड डिस्कवर आहे, पेन ड्राइव्हवर आहे, आणि दोन डीव्हीडींवर ४ एक्सने लिहून पडताळले आहे. एक प्रत मुद्दाम शाळेबाहेर, एका शिक्षकांच्या घरी ठेवली आहे. नव्या डिस्कवर लेबल चिकटवलेले नाही, मधल्या कड्याजवळ मऊ मार्करने फक्त साल लिहिले आहे.

२००४ च्या संमेलनाच्या प्रती तेव्हा पालकांनाही दिल्या होत्या. कोणाच्या घरी ती डिस्क असेल तर कृपया संगणक खोलीत आणून द्यावी. प्रत काढून लगेच परत करू. चालते का हे घरी पाहू नये, आणि वरचे लेबल सुटले असले तरी ओढून काढू नये. जशी आहे तशी, पाकिटात घालून आणावी.