व्हायोलिनच्या तारा बदलणें व सुरांत लावणें



आपलें बाळकुम गांव खाडीकांठचें. येथील पावसाळ्याची दमट हवा माणसांस सोसते, परंतु व्हायोलिनसारख्या नाजूक वाद्यास ती बाधते. लांकडी खुंट्या फुगून घट्ट बसतात, पोलादी तारा गंजतात. आणि हवा कोरडी झाली कीं त्याच खुंट्या आकसून घसरूं लागतात. घट्ट खुंटीस कोरडा साबण व घसरणाऱ्या खुंटीस खडू चोळावा. तार मात्र बदलावीच लागते, आणि तें काम प्रत्येक वादकास आलें पाहिजे.

प्रथम एक नियम ध्यानांत ठेवावा : चारी तारा एकदम कधींही काढूं नयेत. सुरांत लावलेल्या चार तारांचा एकूण ताण वीस किलोग्रॅमांहून अधिक असतो. त्याच्याच दाबानें घोडी उभी राहते. वाद्याच्या पोटांत, घोडीच्या बारीक तारेकडील पायाच्या किंचित् मागें, एक लहान दांडी असते. तिला खिळा नाहीं, सरस नाहीं. ती केवळ दोन फळ्यांच्या दाबांत टिकते. फ्रेंच व इटालियन लोक तिला वाद्याचा ‘आत्मा’ म्हणतात, तें यथार्थच आहे. ताण गेला तर ती पडण्याचा संभव असतो. मग वाद्य निर्जीव वाजतें, आणि तशाच स्थितींत तारा ताणल्यास वरची फळी तडकण्याचें भय असतें. ती पुन्हा उभी करणें हें कुशल कारागिराचें काम होय.

म्हणून एक तार काढून तिच्या जागीं नवी बसवावी, मगच दुसरीस हात लावावा. तार जेथें टेकते त्या खांचांत शिसपेन्सिल चोळावी, म्हणजे ती सहज सरकते. तारेचें एक टोक खालच्या पट्टींत अडकवून दुसरें खुंटीच्या भोंकांत ओवावें. वेढे एकमेकांवर न चढतां खुंटीच्या मुठीकडे जावेत. खुंटी फिरवितांना ती किंचित् आंत दाबावी. तार ताणतांना घोडी मानेकडे झुकते. ती वारंवार पाहून दोन्ही हातांनीं सरळ करावी. बारीक तार ताणतांना तोंड दूर ठेवावें. ती तुटल्यास डोळ्यास इजा होते.

आतां सुरांविषयीं. पाश्चात्य पद्धतींत जाड तारेपासून जी, डी, ए, ई असे स्वर असतात. प्रथम ‘ए’ तार नादकाट्याशीं मिळवावी. तिचीं कंपनें सेकंदास 440, हें प्रमाण 1939 सालीं लंडनच्या परिषदेंत ठरलें. शेजारच्या दोन तारांत 3 : 2 हें प्रमाण असतें, हाच आपला षड्ज-पंचम भाव. ‘ए’ व ‘डी’ एकत्र वाजवाव्या. ‘डी’ची कंपनें 293 असलीं तर त्यांची तिप्पट 879, आणि ‘ए’ची दुप्पट 880. फरक एकाचा, म्हणून आवाज सेकंदास एकदां हेलकावतो. हे हेलकावे मंदावत नाहींसे झाले कीं तारा जुळल्या. हल्लीं मोबाइल फोनही कंपनें मोजून दाखवितो. पण हेलकावा ऐकण्याची संवय कानासच लावावी लागते.

अशा तारांच्या कंपनांचा अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं कलकत्त्यास केला आणि 1918 सालीं त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. आपल्या महाराष्ट्रांत गजाननबुवा जोशी (1911–1987) व वि. गो. जोग (1922–2004) यांनीं याच परदेशी वाद्यावर हिंदुस्थानी राग उभे केले. त्या पद्धतींत तारा पुष्कळदां प, सा, प, सा अशा लावतात.

पालकांस एक विनंति : नवी तार पहिले कांहीं दिवस सारखी उतरते. हा तारेचा दोष नव्हे, मुलाचाही नव्हे. त्यास रोज तार मिळवूं द्यावी. त्यांतच त्याचा कान तयार होतो.