शब्दविचार : बांडगूळ

दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला मराठीत ‘बांडगूळ’ म्हणतात. शब्द नपुंसकलिंगी आहे. अनेकवचनात ‘बांडगुळे’ होतो.

मूळ शब्द वनस्पतीचा. आंब्याच्या जुन्या झाडावर एखाद्या फांदीला जाड पानांचा, नळीसारख्या फुलांचा निराळाच झुपका फुटलेला दिसतो, ते बांडगूळ. पक्षी त्याची फळे खातात. चिकट बी दुसऱ्या फांदीवर पडून तेथेच रुजते.

अमरकोशात याला ‘वृक्षरुहा’ आणि ‘वृक्षादनी’ अशी दोन्ही नावे आहेत. पहिल्याचा अर्थ झाडावर वाढणारी, दुसऱ्याचा झाड खाणारी. पहिले नाव केवळ जागा सांगते, दुसरे दोष सांगते. हा फरक महत्त्वाचा आहे. तेथेच दिलेले तिसरे नाव ‘वन्दा’. त्यावरूनच ‘वँडा’ हे शास्त्रीय नाव ऑर्किडच्या एका गटाला मिळाले. ही ऑर्किडे झाडावर राहतात, पण झाडाचे काही खात नाहीत.

इंग्रजी ‘पॅरासाइट’चा प्रवास उलट झाला. ग्रीकमध्ये तो दुसऱ्याच्या ताटाशी बसून जेवणारा माणूस होता. वनस्पतीला ते नाव नंतर मिळाले. आपण वनस्पतीकडून माणसाकडे आलो. म्हणून शब्दाचा अर्थ वनस्पतीवरच ताडून पाहावा.

बांडगूळ आळशी नाही. त्याची पाने हिरवी असतात, उन्हात ते आपले अन्न तयार करते. मात्र पाणी आणि क्षार ते फांदीतून ओढून घेते, आणि फांदी खंगते. म्हणजे ‘बांडगूळ’ म्हणायला आळस नव्हे, आश्रयदात्याची झीज हवी. काम टाळणारा तो आळशी. आयते खाणारा तो ऐतखाऊ, मग ते वडिलार्जित का असेना. उलट, दिवसभर धावपळ करणारा दलालही बांडगूळ असू शकतो.

घरातल्या वृद्धाला, आजाऱ्याला किंवा बाहेरून येऊन वसलेल्यांना हा शब्द लावणे म्हणूनच चूक आहे. गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या काळात बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरला गेलेली मराठी घराणी तेथल्या मातीत स्वतःच्या मुळांवर वाढली. भाताचे रोप एका वाफ्यातून काढून दुसऱ्या खाचरात लावतात. त्याला कोणी बांडगूळ म्हणत नाही.