कंपनी परराज्यातली, तक्रार आपल्या जिल्ह्यात



समजा, तुमच्या गटाने कर्ज काढून शेवयांचं यंत्र मागवलं. गट परभणीचा, कंपनी गुजरातेत राजकोटची. पंधरा दिवसांत मोटार जळाली. फोन केला तर उत्तर मिळालं, "काय करायचं ते राजकोटच्या कोर्टात येऊन करा." यंत्र बंद, पण कर्जाचा हप्ता चालूच. एवढ्या लांब कोण जाणार, म्हणून आपण गप्प बसतो. पण खरंच जावं लागतं का? या पाठात तेच बघू.

कोर्टाची हद्द म्हणजे काय?

पोलीस ठाण्याला जशी हद्द असते, तशी कोर्टालाही असते. दिवाणी दावा साधारणपणे दोन ठिकाणी लावता येतो : समोरचा राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर वादाचं कारण पूर्ण किंवा थोडंसं जिथे घडलं तिथे. म्हणून माल कुठे पोचवायचा ठरला, पैसे कुठे द्यायचे ठरले, हे महत्त्वाचं असतं.

आपण विकत घेतलं असेल तर

१९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्यातही असाच नियम होता. २०१९ च्या नव्या कायद्याने त्यात मोठी भर घातली. २० जुलै २०२० पासून, तक्रार करणारी व्यक्ती जिथे राहते किंवा पोटापाण्यासाठी काम करते, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे राजकोटच्या कंपनीला परभणीत उत्तर द्यायला यावं लागेल.

• वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावायलाच हवा असंही नाही.
• तक्रार २ वर्षांच्या आत करायची.
• ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही करता येते. आधी सल्ला हवा तर १९१५ वर फोन करा.
• आयोगाचा आदेश कंपनीने पाळला नाही, तर तुरुंगवास किंवा दंडाची तरतूद आहे.

एक अडचण लक्षात ठेवा. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही, आणि कंपनी हाच मुद्दा काढेल. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलं असेल तर आपण ग्राहकच. म्हणून "यंत्र आम्ही सदस्य स्वतः चालवतो, त्यावरच आमची उपजीविका आहे" हे तक्रारीत स्पष्ट लिहा.

आपण विकलं असेल तर

हैदराबादच्या व्यापाऱ्याने पापड नेले आणि पैसे बुडवले, तर आपण ग्राहक नाही. इथे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा कामाला येतो. पैसे ४५ दिवसांच्या पुढे लांबवता येत नाहीत. लांबवले तर व्याज द्यावं लागतं. खरेदीदार भारतात कुठेही असो, तक्रार आपल्या भागाच्या सुविधा परिषदेकडे चालते. मात्र गटाची उद्यम नोंदणी माल विकण्याच्या आधी झालेली हवी. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा.

बिलावरची बारीक ओळ

"वाद झाल्यास फक्त राजकोट न्यायालयात" असं बिलावर छापलेलं असतं. ते वाचून घाबरू नका. राहत्या जिल्ह्यात तक्रार करायचा हक्क ग्राहकाला कायद्याने दिलाय. बिलावरच्या ओळीने तो जात नाही. दिवाणी दाव्यात मात्र ती ओळ आड येऊ शकते. ज्या कोर्टांना मुळात अधिकार आहे, त्यांपैकी एक दोघांनी मिळून ठरवलं तर ते चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ए.बी.सी. लॅमिनार्ट खटल्यात सांगितलं. म्हणून मोठा करार असेल तर सही करण्याआधी ही ओळ शोधा आणि बदलून मागा.

पुढच्या बैठकीत हे करा

१. गटाची सगळी बिलं, गॅरंटी कार्डं, पैसे भरल्याच्या पावत्या एका फाइलला लावा.
२. प्रत्येक बिलावर कंपनीचा पूर्ण पत्ता आहे का, ते बघा. पत्ताच नसेल तर नोटीस पाठवणार कुठे?
३. फोनवर बोलणं झालं की तेच मेसेज करून लेखी पाठवा. मेसेज पुसू नका.
४. उद्यम नोंदणी नसेल तर ती करायचा ठराव घ्या.

आणि वकिलाची गरज पडलीच, तर महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा. हा नंबर आजच गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.