घट्टपणाचे माप

पाठ-परिचय
सायकल दुरुस्तीच्या कामात अनुभवाबरोबर मोजमापालाही काय स्थान आहे, याचा विचार या पाठात केला आहे.

पाठ
सायकल हे कष्टकरी माणसाचे हक्काचे वाहन. स्वातंत्र्यानंतर ते देशातच तयार करू लागलेल्या उद्योगांपैकी एक म्हणजे चेन्नईतील अंबत्तूरचा टी. आय. सायकल्स. मुरुगप्पा समूह व इंग्लंडमधील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांच्या सहकार्याने १९४९ साली तो स्थापन झाला. हर्क्युलिस, बीएसए ही त्याच्या सायकलींची नावे पुढे घरोघरी पोचली.

कारखान्यात सायकल एकदाच जोडली जाते. त्यानंतर मात्र ती दुरुस्तीच्या दुकानात वारंवार खोलली जाते. तेथे तिची सुरक्षितता कारागिराच्या हाती असते. बोल्ट सैल राहिला तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तो निघू लागतो. म्हणून ‘जितके घट्ट तितके चांगले’ असे पुष्कळांना वाटते. हा समज चुकीचा आहे. आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो. स्प्रिंगप्रमाणे मूळ लांबीवर येण्याची त्याची ओढच दोन भागांना धरून ठेवते. तो मर्यादेपलीकडे ताणला, तर आटे जातात किंवा बोल्टच तुटतो.

ही मर्यादा सांभाळण्यासाठी टॉर्क पाना वापरतात. बोल्टाला बसणारा पीळ हा लावलेले बल आणि पान्याची लांबी यांच्या गुणाकाराने ठरतो. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. २० सेंटिमीटर अंतरावर सुमारे अडीच किलो वजनाइतका जोर दिला, तर ५ न्यूटन-मीटर पीळ मिळतो. अनेक आधुनिक सायकलींत हँडल धरून ठेवणाऱ्या छोट्या बोल्टांना सुमारे एवढाच पीळ पुरतो. पायडल बसवताना मात्र ३५ ते ४० न्यूटन-मीटर लागतात. हा सात-आठ पट फरक केवळ हाताच्या अंदाजाने दर वेळी अचूक साधणे कठीण. उत्पादकाने सांगितलेला आकडा पान्यावर लावला, की तेवढा पीळ बसताच ‘टक्’ असा आवाज येतो. तेथे थांबावे.

तरीही सारा भार पान्यावर टाकून चालत नाही. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या शहरात खाऱ्या हवेने आटे गंजतात. मग बराचसा जोर घर्षणातच खर्च होतो. पाना ‘टक्’ म्हणतो, पण बोल्ट पुरेसा आवळलेला नसतो. म्हणून आटे आधी स्वच्छ करावेत आणि सांगितले असेल तेथे ग्रीस लावावे. गंज ओळखण्याचे हे काम कारागिराच्या नजरेचेच आहे. माप आणि अनुभव एकमेकांना असे पूरक ठरतात.

सायकलवरून कामावर निघालेला माणूस बोल्ट तपासत नाही. तो आवळणाऱ्याच्या हातावर विश्वास ठेवतो. त्या विश्वासाला पात्र ठरायचे, तर अंदाजाला मापाची जोड द्यायलाच हवी.

शब्दार्थ
आटे – नट-बोल्टावरील पेचाच्या खाचा
पीळ – फिरवण्यासाठी दिलेला जोर

स्वाध्याय
१. बोल्ट अतिशय घट्ट आवळल्यास काय होते?
२. गंजलेल्या आट्यांमुळे पाना कसा फसवतो?
३. तुमच्या व्यवसायात अंदाजाने होणारे कोणते काम मोजून करता येईल? पाच-सहा वाक्यांत लिहा.