दाढेचा एक्स-रे काढून घे गं

अगं, काल फोनवर दाढ ठणकते म्हणालीस आणि मग आवाज एकदम खाली आला. डॉक्टरांनी एक्स-रे सांगितलाय, पण चौथा महिना आहे, सासूबाई नको म्हणतात. घरात सगळे असताना तुला मोकळं बोलता येत नव्हतं, ते कळलं मला. म्हणून हे सविस्तर लिहिते. रात्री निवांत वाच.

आधी एक सांगते, सासूबाईंवर चिडू नकोस. त्यांची भीती उगाच आलेली नाही. दाताचा पहिला एक्स-रे काढला जर्मनीतल्या ऑटो वाल्कहॉफ यांनी, १८९६ च्या जानेवारीत, स्वतःच्याच दाढांचा. त्यासाठी ते पंचवीस मिनिटं किरणांखाली पडून राहिले होते! अमेरिकेत एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य वर्षानुवर्षं मशीनपुढे स्वतःचा हात धरत राहिले. त्यांना कर्करोग झाला, बोटं गेली, पुढे हातही गेला. या किरणांना माणसं घाबरू लागली ती अशा अनुभवांतून. ‘मग डॉक्टर स्वतः बाहेर का जातात?’ असं तू विचारलंस ना, त्याचं उत्तरही इथेच आहे. तुझा फोटो एकदाच निघणार, त्यांना रोज कितीतरी काढायचे असतात.

पण आज तुझ्या दाढेचा फोटो निघेल तो सेकंदाच्या एका अंशात. आपल्याकडे याला सगळे आरव्हीजी म्हणतात. फ्रान्समधल्या तुलूझचे फ्रान्सिस मुयेन यांनी १९८० च्या दशकात हे तंत्र आणलं. दोन पेरांएवढी एक चपटी पट्टी, म्हणजे सेन्सर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाढेच्या आतल्या बाजूला ठेवतात. मशीनचं नळकांडं बाहेरून गालाशी धरतात आणि क्षणात फोटो कॉम्प्युटरवर दिसतो. फिल्म होती तेव्हा ती औषधात धुवावी लागे आणि बिघडली की पुन्हा किरणं घ्यावी लागत. सेन्सरला मुळातच किरणं कमी लागतात आणि चित्र फिकट आलं तर ते पडद्यावरच गडद करता येतं.

तुला सध्या मळमळतं, त्यामुळे सेन्सर मागे सरकला की उमासा येईल. आधीच सांगून ठेव. नाकाने श्वास घे आणि पायाचा अंगठा हलवत राहा, लक्ष तिकडे जातं.

आता बाळाचं. आपण जमिनीतून, हवेतून, आकाशातून सतत थोडी किरणं घेतच असतो. जगाची सरासरी काढली तर माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. एका दाढेच्या डिजिटल फोटोत साधारण एका दिवसाएवढी, पुष्कळदा त्याहूनही कमी. आणि तीही गालावर. पोटापर्यंत पोचतं ते नगण्य. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही गरोदरपणात दाताचा एक्स-रे चालतो, असं स्पष्ट सांगितलंय. शिशाचा एप्रन दिला तर जरूर घाल, सासूबाईंनाही बरं वाटेल. पण अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये एप्रनची गरज उरलेली नाही, असंच म्हटलंय. खरी काळजी घ्यायची ती झोत नेमक्या जागी रोखण्याची आणि गरजेपुरताच फोटो काढण्याची.

मला धास्ती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. फोटो टाळशील, लवंग दाबून धरशील आणि रात्री कळ आली की घरातली कुठलीतरी वेदनाशामक गोळी घेशील. अशा दिवसांत त्यातल्या काही गोळ्या बाळाला खरंच चालत नाहीत. मनाने एकही घेऊ नकोस. दाढेखाली पू साठून ताप आला, गाल सुजला, तर तुझे आणि बाळाचेही हाल होतील.

नुसत्या डोळ्यांनी डॉक्टरांना दाढेचा वरचा भागच दिसतो. दोन दाढांच्या फटीतली कीड, जुन्या फिलिंगखालची कीड, मुळाच्या टोकाशी विरघळलेलं हाड, हे फोटोतच काळं दिसतं. रूट कॅनाल करायचं ठरलं तर मुळाची लांबी कळावी लागते, ती अंदाजाने धरून चालत नाही. मात्र सुरुवातीचा संसर्ग कधी कधी फोटोत येतच नाही, बारीक चीरही सुटते. म्हणून फोटो स्वच्छ आला आणि दुखणं थांबलं नाही, तर गप्प बसू नकोस.

कुणी पूर्ण जबड्याचा ओपीजी किंवा सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन, सुचवला, तर मात्र विचार, ‘डॉक्टर, यावरून माझे उपचार बदलणार आहेत का? बाळंतपणानंतर चालेल का?’ सीबीसीटीत किरणं बरीच जास्त असतात. अक्कलदाढेचं मूळ जबड्यातल्या नसेला टेकलंय का, अशा शंकेसाठी तो ठीक. ठणकणाऱ्या एका दाढेला आरव्हीजी पुरतो. विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. मशीनची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी आहे का, हेही विचारायला हरकत नाही. ती सक्तीची आहे.

दुसऱ्या कुणाचं मत घ्यावंसं वाटलं किंवा खर्चाचं ओझं वाटलं, तर पंचवटीतलं कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहेच. आपल्याकडे लोक कॉलेज म्हटलं की ‘शिकाऊ मुलं’ म्हणून नाक मुरडतात, ते मला पटत नाही. तिथे शिकवणारे डॉक्टर बघतात आणि तोंडाच्या एक्स-रेचा स्वतंत्र विभागच असतो.

आणि फोटो स्वतःकडे घे. व्हॉट्सअॅपवर तो दाबला जाऊन बारकावे जातात, म्हणून मूळ फाइल ईमेलवर माग. सातव्यानंतर तू माहेरी येशील. उपचार अर्धवट राहिले, तर इथल्या डॉक्टरांना तोच फोटो दाखवता येईल, पुन्हा काढायला नको.

सासूबाईंनाही सोबत ने. त्या मशेरी लावतात, त्यांच्याही हिरड्या एकदा बघून घेऊ देत, आणि तुझा फोटो पडद्यावर त्यांनाही दिसू दे. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून वेळ घे, आणि आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य सांग, मला चौथा महिना आहे.