पुन्हा हात उगारील का?

“डॉक्टरसाहेब, पोराला घरी नेऊ का? आणि पुन्हा काही केलं त्यानं तर?” मनोरुग्णालयाच्या व्हरांड्यात एका वृद्ध वडिलांनी मला विचारले. मुलाला स्किझोफ्रेनिया. ‘शेजारी आपल्यावर करणी करतो’ या भ्रमात त्याने कोयता उचलला होता. शेजारी वाचला. मुलगा न्यायालयाच्या आदेशाने उपचारासाठी दाखल झाला आणि दोन वर्षांत बराच सुधारला.

मी तेव्हा नवखा होतो. दहा मिनिटे बोललो आणि केसपेपरवर ‘अजून काही काळ ठेवावे’ असे लिहिले. कशाच्या आधारावर? खरे सांगायचे तर भीतीच्या. त्या एका ओळीमुळे तो आणखी वर्षभर आत राहिला.

वाचकहो, हातून गुन्हा घडलेल्या मनोरुग्णाबाबत डॉक्टरच्या मतावर दोन गोष्टी अवलंबून असतात : रुग्णाचे स्वातंत्र्य आणि इतरांची सुरक्षितता. म्हणूनच ते मत संशोधनाच्या कसोटीवर उतरले पाहिजे.

न्यूयॉर्कचा धडा

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जॉनी बॅक्स्ट्रॉम नावाचा कैदी होता. त्याची शिक्षा १९६१ मध्ये संपली. तरी त्याला तुरुंग खात्याच्या मनोरुग्णालयातच ठेवले गेले. १९६६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवले. परिणामी अशाच ९६७ रुग्णांना साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. हे सारे ‘धोकादायक’ म्हणून ठेवलेले! कर्मचारी धास्तावले.

हेन्री स्टेडमन आणि जोसेफ कोकोझा या संशोधकांनी या रुग्णांचा मागोवा घेतला. चार वर्षांत कडक बंदोबस्ताच्या रुग्णालयात परत पाठवावे लागले फक्त २६ जणांना. म्हणजे शंभरात तीनसुद्धा नाहीत. काहींनी मारामाऱ्या केल्या, हे खरे. अनेक जण वयस्कही झाले होते. पण तज्ज्ञांचा अंदाज किती फुगलेला होता, हे उघड झाले.

मग धोका ओळखायचा कसा?

१९९८ मध्ये मॅकआर्थर अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील तीन शहरांच्या मनोरुग्णालयांतून घरी गेलेल्या हजारावर रुग्णांची वर्षभर विचारपूस केली गेली. त्यांपैकी पिट्सबर्गमधील रुग्णांची तुलना त्यांच्याच वस्तीतील इतर लोकांशी केली. ज्या रुग्णांना दारू वा अमली पदार्थांचे व्यसन नव्हते, ते शेजाऱ्यांहून अधिक हिंसक आढळले नाहीत. व्यसन जडले की मात्र धोका वाढत होता; रुग्णांचा आणि शेजाऱ्यांचाही.

असे ज्ञान वॉर्डापर्यंत पोहोचावे म्हणून कॅनडात १९९५ मध्ये ‘एचसीआर-२०’ ही पद्धत तयार झाली. तिच्यात वीस मुद्दे आहेत. दहा भूतकाळाचे : पूर्वीची हिंसा, व्यसन वगैरे. पाच सध्याच्या प्रकृतीचे : लक्षणे, आजाराची जाणीव, उपचारांना प्रतिसाद. पाच पुढच्या दिवसांचे : घरचा आधार, ताण, औषधे नियमित चालतील का. भूतकाळ बदलता येत नाही. उरलेले दहा मुद्दे बऱ्याच अंशी बदलता येतात. उपचाराची जागा तीच!

पुढे मी त्या मुलाचे कागद याच नजरेने पुन्हा पाहिले. भ्रम ओसरले होते, व्यसन नव्हते. प्रश्न एकच होता : गावी इंजेक्शन कोण देणार? ती सोय लावली, अहवाल दिला आणि न्यायालयाच्या परवानगीने तो घरी गेला. तेव्हापासून मी माझा प्रत्येक अंदाज लिहून ठेवतो आणि सहा महिन्यांनी पडताळतो. कित्येकदा चुकतो. पण चूक कुठे झाली, हे कळते. संशोधनाची सुरुवात अशीच होते.

आपल्याकडे

मनोविकारामुळे आपण काय करतो किंवा ते चुकीचे आहे हे कळतच नसेल, तर ते कृत्य गुन्हा ठरत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. तरीही आसामचे मचांग लालुंग १९५१ मध्ये अटक झाल्यावर सुटले ते थेट २००५ मध्ये! वेळोवेळी फेरतपासणी झाली नाही, की असे होते.

नातेवाइकांनी काय करावे?

१. ‘धोका आहे का?’ एवढेच विचारू नका. ‘कशाने वाढतो, कशाने कमी होतो?’ हेही विचारा.

२. बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका.

३. दारू, गांजापासून रुग्णाला दूर ठेवा.

४. झोप उडणे, संशय वाढणे, स्वतःशी पुटपुटणे दिसताच डॉक्टरांना गाठा. मागच्या वेळी सुरुवात कशी झाली होती, ते वहीत लिहून ठेवा.

५. कोणी मारण्याची धमकी देत असेल, तर वाद घालू नका. बाजूला व्हा आणि ११२ वर मदत मागा.

तो मुलगा आता वडिलांबरोबर शेतावर जातो. इंजेक्शनची तारीख म्हातारा कॅलेंडरवर खूण करून ठेवतो. माझ्या त्या वेळच्या एका ओळीपेक्षा ही खूण कितीतरी मोलाची आहे.