विषाणू गेला, तरी तपासणी सोडू नये

बंगळूरजवळील आनेकल तालुका औषधनिर्मितीसाठी ओळखला जातो. बोम्मसंद्र व जिगणी या औद्योगिक वसाहती याच तालुक्यात आहेत. येथे कारखाना असलेल्या स्ट्राइड्ससह भारतातील सात कंपन्यांना सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या गिलियड कंपनीकडून सोफोसबुवीर या औषधाचा परवाना मिळाला. अमेरिकेत ज्या गोळीची किंमत एक हजार डॉलर होती, ती त्यामुळे भारतीय रुग्णाच्या आवाक्यात आली. पुढे २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून हे उपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळू लागले.

हिपॅटायटिस ‘सी’चा विषाणू रक्तावाटे पसरतो आणि वर्षानुवर्षे लक्षणांविना यकृत पोखरत राहतो. बहुतेक रुग्णांना बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात. त्यानंतर आणखी बारा आठवड्यांनी रक्तात विषाणू आढळला नाही, तर रुग्ण बरा झाला असे मानतात. शंभरातील पंचाण्णवांच्या आसपास रुग्णांना हे यश लाभते.

मात्र येथेच एक गैरसमज घातक ठरतो. विषाणू गेला म्हणजे यकृताची झालेली हानी भरून निघाली, असे नव्हे. दीर्घकाळच्या दाहामुळे यकृतात व्रणांचे जाळे तयार होते. त्याची प्रगत अवस्था म्हणजे सिरोसिस. या काळात पेशींच्या गुणसूत्रांत झालेले बदल औषधाने पुसले जात नाहीत. उपचारानंतर कर्करोगाचा धोका बराच घटतो, परंतु सिरोसिस झालेल्यांत तो संपत नाही. मद्यपान, मधुमेह व स्थूलता यांमुळे तो वाढतो.

आरंभीचा यकृत-कर्करोग दुखत नाही. म्हणूनच सिरोसिस असलेल्या रुग्णाने बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी. सोबत एएफपी ही रक्तचाचणी करण्याचा सल्लाही डॉक्टर देतात. गाठ लहान असतानाच सापडली, तर शस्त्रक्रिया, उष्णतेने गाठ नष्ट करणे किंवा यकृतरोपण असे उपाय शक्य असतात.

ध्यानात ठेवण्याजोगे :

१. उपचारापूर्वीचा फायब्रोस्कॅनचा अहवाल ठेवीच्या पावतीइतकाच जपावा. उपचारानंतर यकृताचा ताठरपणा कमी दिसू शकतो; परंतु तपासण्या किती काळ चालू ठेवायच्या, हे ठरवताना आधीची अवस्था महत्त्वाची असते.

२. प्रतिपिंडांची चाचणी बरे झाल्यावरही सकारात्मक येते. त्याने घाबरू नये. विषाणू आहे की नाही, हे आरएनए चाचणी सांगते.

३. हिपॅटायटिस ‘सी’वर लस नाही व तो पुन्हा होऊ शकतो. हिपॅटायटिस ‘बी’वर लस आहे, ती घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

४. मद्य पूर्णतः वर्ज्य करावे.

विम्याचा हप्ता भरण्याची तारीख आपण विसरत नाही. सहा महिन्यांनी येणारी सोनोग्राफीची तारीखही त्याच दिनदर्शिकेवर नोंदवावी. प्रकृती उत्तम वाटत असतानाच ती पाळणे अधिक महत्त्वाचे आहे.